पान कधी वाढायचं? लेझी लोडिंगची एक चिकित्सा

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? ठीक.

आज ज्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे ती तुम्ही सगळ्यांनी रोज पाहिलेली आहे. नाव कदाचित ऐकलं नसेल. मोबाइलवर एखादा लेख वाचता वाचता तुम्ही खाली सरकता, एक करडा चौकोन दिसतो आणि क्षणभरानं त्यात फोटो उमटतो. तो फोटो तोपर्यंत तुमच्या फोनमध्ये आलेलाच नव्हता. तुम्ही जवळ पोचलात, तेव्हा मागवला गेला. याला लेझी लोडिंग म्हणतात. 'लेझी' म्हणजे आळशी, पण इथे आळसाचा काही संबंध नाही. हा बेत आहे, आणि बराच हिशेबी बेत आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. हे तंत्र चांगलं आहे. त्यानं पैसे वाचतात, वेळ वाचतो. पण ते चित्रांसाठी जन्माला आलं, आणि गेल्या काही वर्षांत सरसकट सगळ्याला लावलं गेलं: पहिल्याच चित्राला, लेखाच्या मजकुराला, यादीला, अगदी पानाच्या शेवटालासुद्धा. तिथे ते वाचकाच्या विरोधात जातं. माझी तक्रार त्या सरसकटपणाबद्दल आहे.

जे प्रोग्रॅमर नाहीत त्यांच्यासाठी थोडं मुळापासून. वेब पेज ही एकच फाइल नसते. आधी मजकुराची फाइल येते. तिच्यात चित्रांचे नुसते पत्ते असतात. ब्राउझर ती फाइल वाचू लागतो आणि पत्ता दिसला की लगेच चित्र मागवतो. वरचं, मधलं, अगदी तळाचंसुद्धा. तुम्ही तळापर्यंत जाणार आहात की दुसऱ्याच परिच्छेदावर कंटाळून बंद करणार आहात, हे त्याला माहीत नसतं.

आता पंगत आठवा. मराठीत एक छान सोय आहे, पुस्तकाचंही पान आणि जेवायचंही पान. पंगतीत सगळं एकदम वाढत नाहीत. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आधी, मग वरणभात, पोळी लागेल तशी. तुम्ही भात संपवत आलात की वाढपी शेजारी हजर. अन्न वाया जात नाही आणि गरम मिळतं. लेझी लोडिंग म्हणजे हेच. बातमी एक आणि तिच्या खाली 'हेही वाचा' म्हणून तीस बातम्यांचे फोटो, ते सगळे कशाला आधीच आणायचे? २०१६ च्या आधी आपण एक जीबी डेटा महिनाभर पुरवून वापरत होतो. तेव्हा न पाहिलेल्या फोटोंचेही पैसे आपल्याच खिशातून जात होते. ज्यांनी हे तंत्र शोधलं त्यांनी आपलं भलंच केलं, यात शंका नको.

शोधलं कसं, तेही गमतीचं आहे. ब्राउझरमध्ये ही सोय मुळात नव्हतीच. २००७ च्या सुमारास मिका टुपोला यांनी जेक्वेरीसाठी एक छोटं प्लगिन लिहिलं, त्याचा प्रसार प्रचंड झाला. त्यामागची युक्ती साधी होती, चित्राचा पत्ता ब्राउझरला कळू द्यायचा नाही. तो दुसऱ्याच नावाच्या खणात लपवायचा, वाचक किती खाली आलाय ते जावास्क्रिप्टनं सारखं मोजत राहायचं आणि चित्र टप्प्यात आलं की पत्ता खऱ्या खणात टाकायचा. म्हणजे ब्राउझरला फसवायचं. पण मोजणारा कारकून इतका खाष्ट, की बोट जरा हललं तरी तो पुन्हा मोजायला लागायचा, आणि त्यापायी सरकणंच अडखळायचं. २०१६ मध्ये क्रोमनं 'इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर' आणला. आता मोजायचं काम ब्राउझरच करतो आणि वस्तू पडद्याजवळ आली की कळवतो. मग जुलै २०१९ मध्ये क्रोम ७६ आलं आणि जावास्क्रिप्टचीही गरज संपली. चित्राच्या टॅगमध्ये 'लोडिंग' असं लिहायचं आणि त्याची किंमत 'लेझी' ठेवायची. दोन शब्द. पुढच्या वर्षी फायरफॉक्सनं ते स्वीकारलं, सफारीनं २०२२ मध्ये.

दोन शब्दांत काम व्हायला लागलं की माणूस विचार करायचा थांबतो. इथून गोष्ट बिघडली.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण वर्डप्रेसचं. ११ ऑगस्ट २०२० ला वर्डप्रेस ५.५ आलं. जगातल्या दर पाच वेबसाइटींपैकी साधारण दोन वर्डप्रेसवर चालतात, म्हणजे एका निर्णयानं वेबचा केवढा तुकडा हलतो बघा. या आवृत्तीनं ठरवलं की ज्या चित्रांची लांबी-रुंदी लिहिलेली आहे, त्या सगळ्यांना 'लेझी' लावायचं. साइटच्या मालकानं काही करायचं नाही, आपोआप. लांबी-रुंदीची अट शहाणपणाची होती. ती माहीत असली की ब्राउझर चित्राची जागा आधीच राखून ठेवतो. ती नसेल तर चित्र आलं की मजकूर खाली ढकलला जातो, आणि तुम्ही एका बातमीवर बोट ठेवायला जाता आणि भलत्याच जाहिरातीवर पडतं. तो अनुभव सांगायला नको.

पण एक चूक राहिली. पहिल्या चित्रालाही तोच नियम लागला. लेखाच्या माथ्यावरचं ते मोठं चित्र, जे पान उघडताक्षणी दिसणारच आहे, त्यालाही सांगितलं, 'थांब, तू दिसणार आहेस का ते आधी बघू.'

यानं नेमकं काय होतं? ब्राउझरमध्ये एक पुढे धावणारा भाग असतो. मजकुराची मांडणी व्हायच्या आधीच तो फाइल चाळून पत्ते गोळा करतो आणि चित्रं मागवायला सुरुवात करतो. 'लेझी' लिहिलं की हा धावता माणूस त्या चित्राला हात लावत नाही. कारण चित्र पडद्यावर येणार की नाही हे ठरवायला आधी पानाची मांडणी व्हावी लागते, मांडणीला स्टाइलच्या फाइली लागतात, त्या येईपर्यंत सगळं थांबतं. पाहुणा पाटावर बसलाय, आणि वाढपी दारातून विचारतोय, 'जेवणार आहात ना नक्की?' (हशा)

जुलै २०२१ मध्ये रिक व्हिस्कोमी आणि फेलिक्स आर्न्ट्झ या गूगलमधल्या दोघांनी याचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. पानावरचा सगळ्यात मोठा घटक दिसायला किती वेळ लागतो, हे माप त्यांनी घेतलं. गूगलच्या हिशेबानं हा वेळ अडीच सेकंदांच्या आत असावा. त्यांना आढळलं की लेझी लोडिंगच्या अतिरेकानं हा वेळ वाढतो. वेग वाढवायला आणलेली सोय, आणि तिच्यामुळेच पान उशिरा दिसतंय! मला यातली एक गोष्ट फार आवडली. आर्न्ट्झ हे वर्डप्रेसमध्ये ही सोय आणणाऱ्यांपैकीच एक. आपणच लावलेलं झाड तपासून आपणच त्याची फांदी छाटायची, हे आपल्याकडे सहसा होत नाही. जानेवारी २०२२ च्या ५.९ आवृत्तीत वर्डप्रेसनं पहिलं चित्र या नियमातून वगळलं. ऑगस्ट २०२३ मध्ये, ६.३ मध्ये, आणखी पुढे जाऊन मुख्य चित्राला 'हे आधी आणा' अशी खूण लावायला सुरुवात केली. दीड वर्ष आधी उशीर, मग बरोबरी, मग घाई. एवढा प्रवास कशाला करावा लागला? 'सगळ्यांना लावा' हा शब्द सोपा होता म्हणून.

आता जरा वेगळा प्रश्न. 'दिसेल तेव्हा आणा' असं आपण म्हणतो, पण दिसेल म्हणजे कधी? अगदी कडेला टेकल्यावर मागवलं तर करडा चौकोन दिसणारच. म्हणून ब्राउझर थोडं आधी मागवतो. किती आधी? क्रोमनं सुरुवातीला वेगवान जोडणीवर ३००० पिक्सेल आणि मंद जोडणीवर ४००० पिक्सेल अंतर धरलं होतं. जुलै २०२० मध्ये ते १२५० आणि २५०० केलं. मोबाइलचा पडदा ८०० पिक्सेल उंच धरा. म्हणजे चांगल्या नेटवर्कवर साधारण दीड पडदा आधी, मंद नेटवर्कवर तीन पडदे आधी. मंद नेटवर्क असेल तर वाढप्यानं लवकर निघावं, हा विचार योग्यच आहे.

पण या सगळ्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली आहे. वाचक वाचत असेपर्यंत नेटवर्क असणार. मंद असेल, वेगवान असेल, पण असणार.

कोकण रेल्वेनं गेलेले हात वर करा. बरेच आहेत. चिपळूण सोडलं आणि रत्नागिरीकडे निघालात. वाटेत करबुड्याचा बोगदा आहे, साडेसहा किलोमीटरचा. त्या एका मार्गावर नव्वदच्या वर बोगदे आहेत. स्टेशनात गाडी उभी असताना तुम्ही एक लांब लेख उघडलात. जुन्या पद्धतीचं पान असेल तर मजकूर, चित्रं सगळं येऊन बसलेलं असतं. बोगदा आला काय, गेला काय. नव्या पद्धतीच्या पानात तुमच्याकडे दीड पडद्यापुरतीच चित्रं आहेत. त्यापुढे करडे चौकोन. इथवर मी तक्रार करणार नाही. चित्रं गेली तर गेली, लेख तर वाचता येतो.

पण चौथ्या परिच्छेदानंतर मजकूरच संपतो आणि एक चक्र फिरत राहतं, तेव्हा काय म्हणायचं? हे हल्ली सर्रास होतं. लेखाचा पुढचा भाग तुम्ही खाली आल्यावर मागवला जातो, किंवा 'पुढे वाचा' दाबल्यावर. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, वेग.

चला, हिशेब करू. दोन हजार शब्दांचा मराठी लेख घ्या. एका शब्दात काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजून सरासरी सहा चिन्हं धरू. झाली बारा हजार. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. इंग्रजी अक्षराला एकच लागतो, या बाबतीत आपली लिपी महाग आहे. तरी बारा हजार गुणिले तीन म्हणजे छत्तीस हजार बाइट. छत्तीस केबी. वाटेत तो दाबून पाठवतात, त्यात त्याचं वजन आणखी कितीतरी उतरतं. आणि त्याच पानावरचा एक बऱ्यापैकी फोटो? शंभर-दोनशे केबी सहज. म्हणजे एका फोटोच्या वजनात अख्खा लेख बसून वर जागा उरते. एवढ्यासाठी लेखाचे तुकडे करून वाढायचे? कोशिंबीर वाचवायला चमचे मोजण्यासारखं आहे हे.

तेव्हा मजकूर तुकड्यांत देण्याचं कारण वेग हे नाही. उघडच बोलू. तुकडा मागितला की सर्व्हरला कळतं, वाचक इथवर आला. आणि दोन तुकड्यांच्या मध्ये जाहिरात बसवता येते. ही कारणं बेकायदेशीर नाहीत. कुणाला तरी पैसे मिळवायचेच आहेत. पण मग ती कारणं म्हणून सांगा. वाचकाच्या सोयीचं नाव पुढे करू नका.

वाचक कुठवर आला हे कळतं, हा मुद्दा जाता जाता बोललो, पण तो महत्त्वाचा आहे. चित्रांच्या बाबतीतही ते खरं आहे. प्रत्येक चित्र तुम्ही जवळ गेल्यावर मागवलं जात असेल, तर मागणीच्या वेळा बघून सर्व्हर सांगू शकतो की तुम्ही कुठे रेंगाळलात, कुठे सोडून गेलात. त्यासाठी हेरगिरीची वेगळी स्क्रिप्ट लागत नाही. एचटीएमएलचं प्रमाण लिहिणाऱ्यांच्या हे लक्षात आलं होतं. त्यांनी नियम घातला: वाचकानं जावास्क्रिप्ट बंद ठेवलं असेल, तर ब्राउझरनं 'लेझी' या सूचनेकडे दुर्लक्ष करायचं आणि चित्रं नेहमीसारखी आणायची. कारणही तिथेच दिलं आहे, माग काढायला प्रतिबंध. त्या एका टिपेत या तंत्राची जी समज आहे ती त्याच्या जाहिरातींत नाही. जावास्क्रिप्ट बंद ठेवणारे किती, हा प्रश्न तुम्ही विचाराल. फार थोडे. पण ज्यांनी 'माझा माग नको' म्हटलं, त्यांचं ऐकलं तरी गेलं.

आता पंगतीचं दुसरं टोक. वाढप्याचा आग्रह.

२००६ मध्ये एझा रास्किन या डिझायनरनं न संपणाऱ्या पानाची कल्पना मांडली. तळ जवळ आला की पुढचं आपोआप येऊन जोडलं जातं. तंत्र तेच, दिसायच्या बेतात आलं की आणा. फरक एवढाच की आणायचं किती, याला मर्यादा नाही. पुढे रास्किननं स्वतःच जाहीरपणे याबद्दल खंत व्यक्त केली. पंगतीत ताकभात आला की कळतं, जेवण संपत आलं. या पानांत ताकभात येतच नाही. गूगलनंसुद्धा शोधाच्या निकालांना हे लावून पाहिलं, २०२१ मध्ये मोबाइलवर, २०२२ च्या शेवटी कॉम्प्युटरवर. आणि २०२४ मध्ये काढून टाकलं. खाली परत पानांचे आकडे आले. तिसऱ्या पानावर काहीतरी पाहिलं होतं, असं माणसाला आठवतं. सदतिसाव्या झटक्यावर पाहिलं होतं असं कुणाला आठवेल?

सवयीबद्दल, वेळ फुकट जाण्याबद्दल पुष्कळ बोललं गेलं आहे, मी ते पुन्हा सांगत नाही. एका कमी बोलल्या गेलेल्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. वेब पेजच्या तळाशी काय असतं? पत्ता, संपर्क, अटी, गोपनीयता धोरण आणि तक्रारीची जागा. आपल्याकडे २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. लोकांचा मजकूर वाहून नेणाऱ्या मध्यस्थ सेवांनी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर किंवा ॲपवर ठळकपणे द्यायचा आहे. 'ठळकपणे' हा शब्द लक्षात ठेवा. आता समजा तो दुवा पानाच्या तळाशी आहे आणि पान कधी संपतच नाही. तुम्ही तळाशी पोचता, दुवा अर्धा सेकंद दिसतो, बोट नेईपर्यंत वीस नव्या पोस्ट मध्ये येतात आणि दुवा खाली पळतो. पुन्हा जा, पुन्हा पळतो. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी अशा दुव्याच्या मागे अर्धा तास घालवला, शेवटी फोन ठेवून दिला. दुवा दिला आहे, पण हाती लागत नाही. याला ठळक म्हणायचं का? कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. बहुधा ज्यानं न संपणारं पान बनवलं आणि ज्यानं तळ लिहिला, ते दोघं एकमेकांशी बोललेच नसतील. पण ज्याला तक्रार करायची आहे, त्याच्या दृष्टीनं फरक पडत नाही.

आणखी एक. पानात शब्द शोधायची सोय तुम्ही वापरता ना? मोठ्या यादीत आपलं नाव शोधायला तिचा केवढा आधार असतो. निकालाची यादी आहे, लाभार्थ्यांची आहे, मतदारांची आहे. यादी जर दिसेल तेवढीच आणली जात असेल, तर शोध फक्त आलेल्या भागात होतो आणि ब्राउझर सरळ सांगतो: सापडलं नाही. नाव यादीत आहे, पानात नाही. माणूस घरी जाऊन सांगतो, आपलं नाव लागलं नाही. इथे अर्ध्या सेकंदाची बचत कुणाच्या नावावर जमा करायची?

मग करायचं काय? मोठी यादी एकदम रंगवायला फोनला जड जाते, हे खरंच आहे. त्यावर चांगला तोडगा निघालेला आहे. ऑगस्ट २०२० मध्ये क्रोम ८५ मध्ये 'कंटेंट-व्हिजिबिलिटी' नावाची सोय आली, आता इतर मोठ्या ब्राउझरांतही आहे. हिची पद्धत वेगळी. मजकूर सगळा आणायचा, पानात ठेवायचा, पण जो भाग पडद्यापासून दूर आहे तो रंगवायचं काम नंतर करायचं. 'ऑटो' ही किंमत दिली की न रंगवलेल्या भागातही शब्द शोधता येतो, अंध वाचकांच्या स्क्रीन रीडरलाही तो मजकूर मिळतो. गूगलच्याच एका नमुना पानावर रंगवायचा वेळ २३२ मिलिसेकंदांवरून ३० वर आला होता. जेवण सगळं घरात आलेलं आहे, ताट मांडायचं काम सावकाश. बोगद्यातसुद्धा चालतं. मजकुरासाठी हीच रीत योग्य, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तरीही ती कमी वापरली जाते. कारण ती वापरली तर सर्व्हरला मधूनमधून विचारणा होत नाही. असो.

प्रश्नांसाठी थोडा वेळ आहे. हं, बोला ताई.

(श्रोत्यांतून: आमच्या मंडळाचा दिवाळी अंक आम्ही ऑनलाइन काढतो. साइट बाहेरून करून घेतो. करणाऱ्याला नेमकं काय सांगायचं? आम्हाला यातलं तांत्रिक काही कळत नाही.)

फार चांगलं विचारलंत. कळायची गरजही नाही. त्यांना तीन गोष्टी सांगा. प्रत्येक लेखाच्या माथ्यावरचं चित्र लेझी नको, बाकीची चालतील. सगळ्या चित्रांची लांबी-रुंदी लिहा. आणि मजकूर पहिल्याच फेरीत पूर्ण द्या. चित्रं जावास्क्रिप्टनं आणत असतील तर एवढंही विचारा की कुणी पान छापलं तर चित्रं येतात का. तुमच्या अंकाचे वाचक छापून वाचणारे असतील, त्यांना करड्या चौकोनांची पानं मिळायला नकोत. न सरकता छापलं की नेमकं तसंच होतं.

आणि काम झाल्यावर तुम्ही स्वतः तपासा. फोनवर अंकातला सगळ्यात लांब लेख उघडा. दहापर्यंत आकडे मोजा. विमान मोड लावा आणि खाली जायला लागा. लेखाची शेवटची ओळ वाचता आली, तर त्यांचं बिल द्या.